दोन भिंती : जादूच्या राज्यात मेलेलं ढोर कोण ओढतं?



उन्हाळ्याच्या सुट्टीत कळंबच्या आमच्या विहारात दुपारची अभ्यासिका चालते. यंदा तिथल्या सात-आठ पोरापोरींनी वहीवर एक खेळ रचला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि जमतं की नाही हे ठरवायला फासा टाकायचा. अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं हा प्रकार बाजारात आला. आता मोबाईलवरून तो आमच्या तालुक्यातही पोचला आहे. पोरांनी मोठा नकाशा काढला होता. डोंगरावर किल्ला, किल्ल्यात राजा, बाजूला मांत्रिकांचं गुरुकुल, नदीकाठी गाव आणि गावाबाहेरच्या जंगलात राक्षस. मांत्रिक आग फेकतो, जखम भरतो, मेलेल्याला उठवतो. सगळं आम्हाला हौसेनं दाखवलं.

आम्ही एवढंच विचारलं, “या गावात बैल मेला तर ओढून कोण नेतं?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, “मांत्रिक मंत्र म्हणून गायब करेल ना दादा.” बरं. पण मांत्रिक मेलेल्या बैलाजवळ जाईल का? आणि तो मंत्र शिकायला गुरुकुलात कोणाकोणाला घेतात? किल्ला कोणी बांधला, ते बांधणारे राहतात कुठे? नकाशात त्यांची वस्तीच नव्हती. ज्यांचे पणजे गावकुसाबाहेर राहिले, त्या पोरांच्या नकाशात गावकुसाबाहेर फक्त राक्षस होते.

यात पोरांचा दोष नाही. साचाच तसा आलेला आहे. राजा, सरदार, जादूगार आणि अधूनमधून दिसणारे हसरे गावकरी असा युरोपच्या मध्ययुगाचा सजवलेला फोटो टॉल्किनच्या कादंबऱ्यांपासून आजच्या गेमपर्यंत फिरतो आहे. आपल्याकडच्या मालिकांनी त्याच फोटोला फेटा बांधला. आम्ही पोरांना म्हटलं, जादू असलेला मध्ययुगीन समाज खरा वाटेल असा उभा करायचा तर एवढ्या लांब जायचं कारण नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातला महाराष्ट्र घ्या. तिथे राजापासून वेठबिगारापर्यंत सगळे जादू गृहीत धरून जगत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, नाहीतर फोन येतील. चमत्कार घडले असं आम्ही म्हणत नाही. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला चमत्काराची कथा दुसऱ्या कामाची असते. समाजाला मोकळी कल्पना करायची मुभा मिळाली, काहीही शक्य आहे असं धरलं, तरी त्यानं काय अशक्यच ठेवलं हे त्या कथेत दिसतं. शिवाय आज आपण ऐकतो त्यातल्या बऱ्याच संतकथा महिपतींनी ‘भक्तविजय’ या ग्रंथात ओवीबद्ध केल्या. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे ऐन पेशवाईतला. कथा यादवकाळाची असली तरी तिच्यावर नंतरच्या पाचशे वर्षांचे हात फिरलेले आहेत.

आता सुरुवात घरापासूनच करू. कळंबचं चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. समोर कुंड. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी वर चढून मूर्तीच्या पायाला लागतं असं लोक मानतात. आपलं गाव लहानसहान नव्हतं हेही सांगून ठेवतो. अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांच्या यादीत कळंबचं नाव आहे. तर या देवळाची आख्यायिका अशी की गौतम ऋषीच्या बायकोला, अहल्येला, इंद्रानं फसवलं. ऋषीनं शाप दिला, इंद्राच्या अंगभर व्रणं झाली. मग त्यानं इथे चिंतामणीची स्थापना केली, कुंडात स्नान केलं आणि बरा झाला. कथा सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यातला हिशेब बघा. गुन्हा इंद्राचा. त्याला तीर्थ मिळालं, पुन्हा स्वर्गाचं राज्य मिळालं. अहल्या, लोकांमध्ये रूढ कथेप्रमाणे, शिळा होऊन पडली आणि राम येईपर्यंत थांबली. एकाच शापाच्या जादूत राजाला लवकरची तारीख आणि बाईला युगाची वाट. खेळ रचणाऱ्यांनी पहिला धडा इथेच घ्यावा. जादूचं फळही दर्जा बघून मिळतं.

यादवांच्या देवगिरीत याची रीतसर लेखी व्यवस्था होती. रामदेवरायाचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यातल्या व्रतखंडात कोणत्या तिथीला काय केलं म्हणजे काय मिळतं, हे व्रतामागून व्रत सांगितलं आहे. पुत्र, धन, राज्य, रोगमुक्ती, जे हवं ते. गेमच्या भाषेत ही मंत्रांची वही झाली, आणि प्रत्येक मंत्राची किंमतही दिलेली. ती किंमत बहुतेक वेळा ब्राह्मणभोजन आणि दान. म्हणजे जादू कोण करतं, खर्च कोणाचा आणि तो कोणाच्या घरात जातो, हे सगळं ठरलेलं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा यातलं काही कामी आलं नाही. वेढ्यात किल्ल्यावर धान्य म्हणून चढवलेली पोती उघडली तर त्यात मीठ निघालं, असं सांगतात.

आता रेड्याकडे येऊ. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची मुलं म्हणून ज्ञानेश्वर आणि भावंडं वाळीत पडली. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभी राहिली. कथा म्हणते की ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. सनातन्यांच्या अहंकाराला दिलेला हा तडाखा आहे असं कीर्तनात सांगतात, आणि एका अर्थानं तो आहेही. ज्या पोरांना बाप चुकला म्हणून माणसातून उठवलं, त्यांची बाजू ही कथा घेते. पण थोडं थांबा. वेद ऐकायचा ज्यांना अधिकार नाही अशी माणसं त्या पैठणात असणारच. रोज रस्ते झाडणारी, ढोरं ओढणारी, दूर उभी राहणारी. कथेच्या हातात जादू होती. तिनं त्या माणसाच्या तोंडून वेद का नाही वदवला? रेडा बोलला तर नवल होतं. शूद्र किंवा अस्पृश्य बोलला असता तर अधर्म झाला असता. रेड्याच्या वेदानं कोणाचा अधिकार जात नाही, दुसऱ्या दिवशी तो पखाल वाहायला परत जातो.

तोच नियम शंबुकाच्या कथेत उघडाच आहे. शूद्र तप करतो म्हणून ब्राह्मणाचा मुलगा मरतो. राम शंबुकाचं मुंडकं उडवतो, मुलगा जिवंत होतो. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये या कथेकडे बोट दाखवून सांगितलं की चातुर्वर्ण्य टिकवायचं तर दंड लागतोच. जादूच्या अंगानं पाहिलं तर कथेत तपाची शक्ती सगळ्यांना सारखीच लागू आहे, शंबुकाचं तपही फळणारच होतं. म्हणून तर तलवार लागली.

आणि आता त्या दोन भिंती.

पहिली आळंदीची. चौदाशे वर्षं जगलेला योगी चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला निघतो. ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई एका भिंतीवर बसलेले असतात. ज्ञानेश्वर भिंतीला चल म्हणतात आणि निर्जीव भिंत पाहुण्याला सामोरी जाते. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याची भिंत ढकललीही असेल.

दुसरी मंगळवेढ्याची. साल १३३८. गावच्या कुसाचं बांधकाम चाललेलं. कामावर महार, वेठीला धरलेले. त्यात चोखोबा. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गाडले गेले. पुढे नामदेव आले, आणि ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला नेऊन महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली.

दोन्हींत अंतर जेमतेम अर्ध्या शतकाचं. एक भिंत मानासाठी चालली, दुसरी ती बांधणाऱ्यांच्या अंगावर आली. चोखोबांच्या कथेतही जादू आहे, पण ती भिंत थोपवायला आली नाही, हाडं वेगळी काढायला आली. आणि बाकीच्या मजुरांचं काय? त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. त्यांच्या हाडांतून काही ऐकू आलं नाही, म्हणून ती उचलायला कोणी आलं नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आम्ही ती अर्पणपत्रिका वाचतो तेव्हा त्या बिननावाच्या मजुरांचीही आठवण होते.

मंगळवेढ्याचीच तिसरी कथा दामाजीपंतांची. बहामनी काळ, दुष्काळ. दामाजीनं सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बादशहा चिडला. तेव्हा विठ्ठल महाराचं रूप घेऊन, विठू महार होऊन, धान्याची रक्कम बिदरला पोचवून आला. कथा रचणाऱ्याला समाज अचूक माहीत होता हे मान्य करावंच लागेल. सरकारी रक्कम डोक्यावर घेऊन कोण जातं? महार. म्हणून देवाला तेच रूप घ्यावं लागलं. देव पाटील झाला असता तर ऐकणाऱ्याला खोटं वाटलं असतं. पण काम झालं, पावती मिळाली, देव परत विटेवर गेला. महाराच्या डोक्यावरचा बोजा तिथेच राहिला. पुढे त्यालाच कायद्यानं वतन ठरवलं. ते जोखड मोडायला बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणलं.

सगळ्याच कथा अशा नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, चक्रधरांचे गुरू. म्हाइंभटानं त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. ते महारामांगांच्या घरी जात, तिथलं खात. मातंगांना प्यायला पाणी नव्हतं तेव्हा त्यांनी जागा दाखवली आणि तिथे विहिरीला पाणी लागलं अशी लीळा आहे. इथे जादूनं खालच्या माणसाची गरज पाहिली. आम्हाला ही कथा या सगळ्यांत जवळची वाटते. तरीही बघा, विहीर वेगळीच निघाली. गावच्या विहिरीवर हात लावायची सोय त्या लीळेत नाही. ती २० मार्च १९२७ ला महाडला झाली, आणि त्या दिवशी चवदार तळ्यावर कोणी चमत्कार केला नाही. माणसं रांगेनं गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली.

आपल्याच बौद्ध ग्रंथांत ऋद्धी नाहीत का, असं कोणी विचारेल. आहेत. पण विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची गोष्ट आहे. राजगृहात एका श्रेष्ठीनं उंचावर चंदनाचं पात्र टांगलं आणि जो ऋद्धिमान असेल त्यानं काढावं म्हणाला. पिंडोल हवेतून जाऊन घेऊन आला. भगवंतांनी त्याला फटकारलं, पात्र फोडायला लावलं आणि गृहस्थांपुढे चमत्कार दाखवायला भिक्खूंना मनाई केली.

एक गोष्ट राहिली, आणि ती जुनी नाही. तीच शक्ती वर दिसली की तिला चमत्कार म्हणतात, खाली दिसली की करणी, भानामती. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर आलेला जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा जवळपास आठ वर्षांचा होत आला होता. ज्यांना कधी मंत्र शिकू दिला नाही त्यांच्यावरच मंत्र टाकल्याचा आरोप. तुमच्या खेळातल्या गावात मांत्रिक असेल, तर दुष्काळ पडल्यावर दोष गुरुकुलावर जातो की वस्तीवर, हे आधी ठरवून घ्या.

पुढच्या रविवारी पोरांनी नवा नकाशा आणला. राक्षस गेले होते, त्या जागी वस्ती आली होती. वस्तीतून किल्ल्याच्या कामावर जायचा रस्ता, पाण्याची वेगळी जागा, ढोरं टाकायची हाडकी, सगळं दाखवलेलं. नववीतल्या एका पोरीनं तिथलं पात्र घेतलं. ती गुरुकुलाची भिंत लिंपायला जाते आणि लिंपता लिंपता आतले मंत्र ऐकून पाठ करते. एका पोरानं हरकत घेतली, असं चालत नाही, पकडली गेली तर कानात शिसं ओततात. ती म्हणाली, “मग तसा फासा ठेव ना.” किती पडले तर ती वाचते यावर भांडण लागलं. पोरगी म्हणे चारच्या वर, पोरगा म्हणे फक्त सहा. विहाराला कुलूप लावायची वेळ झाली तरी ते मिटलं नव्हतं.