कुंडीतील मिरचीचे झाड हिवाळ्यात कसे जगवावे

न्यू जर्सी, शिकागो किंवा बॉस्टनच्या परिसरात ऑक्टोबर उजाडला की कुंडीतील मिरचीची झाडे फळांनी लगडलेली असतात. त्यांपैकी निम्मी फळे अजून हिरवीच असतात. मग एका निरभ्र रात्री दहिवर पडते, म्हणजे इथल्या हवामानवृत्तात ज्याला फ्रॉस्ट म्हणतात ते. सकाळी पाने काळवंडून लोंबलेली दिसतात आणि झाड कचऱ्यात जाते. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बियांपासून आरंभ होतो.

हा दरवर्षीचा फेरा अपरिहार्य नाही. मिरची मुळात बहुवर्षायू आहे. दहिवर न पडणाऱ्या प्रदेशात तिचे खोड लाकडासारखे टणक होते आणि झुडूप अनेक वर्षे फळते. थंड प्रदेशात ती एका हंगामात संपते, ती केवळ थंडीमुळे. कुंडीतील झाड छाटून वेळेवर घरात घेतले आणि वसंतापर्यंत निद्रिस्त ठेवले, तर दुसऱ्या वर्षी त्याला नव्या रोपाच्या कितीतरी आधी फुले येतात. ज्यांनी आपल्याकडची एखादी विशिष्ट मिरची मोठ्या प्रयत्नाने वाढवली आहे, त्यांच्यासाठी तर हे खोड म्हणजे जपून ठेवलेले वाणच असते.

वनस्पती आणि तिचे नाव

मिरचीचे मूळ स्थान अमेरिका खंड. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तिखटपणाच्या साधर्म्यामुळे मिरीच्या नावाशी जोडले गेलेले नाव तिला मिळाले. लागवडीखाली असलेल्या तिच्या प्रजाती पाच. त्यांतील सर्वाधिक प्रचलित प्रजातीला स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ असे नाव दिले. ‘ॲन्युअम’ म्हणजे वर्षायू. हे नाव वनस्पतीच्या खऱ्या स्वभावाला धरून नाही, परंतु तेच रूढ झाले.

झाड जगवण्याच्या दृष्टीने प्रजातीची ओळख उपयोगी पडते. ब्याडगी, हालापेन्यो, ढोबळी मिरची ही सारी ॲन्युअम कुळातली. हाबानेरो ‘चायनेन्स’ प्रजातीची आहे. ईशान्य भारतातील भूत जोलोकिया चायनेन्स आणि ‘फ्रुटेसेन्स’ यांच्या संकरातून आलेली मानली जाते. २००७ मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली होती. दक्षिण अमेरिकेच्या पर्वतीय भागातील रोकोतो ही ‘प्युबेसेन्स’ प्रजातीची मिरची थंड हवा इतरांपेक्षा अधिक सहन करते.

कोणते झाड जपावे

सर्वच झाडे घरात घेण्यात अर्थ नाही. हालापेन्योसारख्या जाती रोप लावल्यापासून अडीच महिन्यांत फळतात आणि त्यांची रोपे प्रत्येक वसंतात दुकानात सहज मिळतात. खरा लाभ होतो तो लांब हंगामाच्या जातींना. भूत जोलोकिया किंवा हाबानेरोचे बी रुजण्यासच कधी तीन-चार आठवडे लागतात आणि रोप लावल्यावर पिकलेले फळ हाती येण्यास तीन ते चार महिने जातात. वाळवण्यासाठी लावलेल्या ब्याडगीसारख्या मिरचीचीही हीच अडचण. फळ झाडावर पूर्ण लाल व्हायला हवे आणि त्यासाठी फळधारणेनंतर सुमारे दोन महिने लागतात. दहिवरमुक्त हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा असेल, तर शेवटची फळे हिरवीच राहतात.

दुसरे कारण वाणाच्या शुद्धतेचे आहे. मिरचीचे फूल स्वपरागित असले, तरी मधमाश्या एका जातीचा पराग दुसऱ्या जातीवर सहज नेतात. शेजारी हालापेन्यो आणि लवंगी असतील, तर लवंगीच्या बियांतून पुढच्या वर्षी लवंगीच येईल याची खात्री देता येत नाही. जुने खोड मात्र जसेच्या तसे तेच झाड असते.

निवडताना जोमदार, सरळ खोडाचे आणि निरोगी झाड घ्यावे. पानांवर पिवळे-हिरवे ठिपक्यांचे जाळे असेल किंवा शेंडे सतत चुरडलेले राहत असतील, तर विषाणूजन्य रोगाची शक्यता असते. असे झाड कितीही प्रिय असले तरी घरात आणू नये. प्रत्येक जातीची दोन झाडे ठेवल्यास एक दगावले तरी वाण टिकते.

उन्हाळ्यातील कुंडी

हिवाळ्यात तगण्याची तयारी उन्हाळ्यातच होते. मोठ्या जातीला १५ ते २० लिटरची कुंडी लागते. इथे सर्वत्र मिळणारी पाच गॅलनची बादली तळाशी भोके पाडून चालते. अंगणातील माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पर्लाइट मिसळलेले पॉटिंग मिक्स वापरावे. दिवसातून किमान सहा ते आठ तास थेट ऊन हवे.

वरची एक इंच माती कोरडी झाली की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. कधी कोरडे, कधी चिंब असे झाल्यास फळाच्या टोकाला तपकिरी, कातड्यासारखा डाग पडतो. फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याचे ते लक्षण असते आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ अनियमित पाण्यात असते. नत्र अधिक झाल्यास झाड पानांनी डवरते, पण फुले कमी येतात. म्हणून कळ्या दिसू लागल्यावर पालाश अधिक असलेले खत द्यावे. दिवसाचे तापमान ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास किंवा रात्रीचे ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्यास फुलगळ होते. हवा निवळली की ती आपोआप थांबते.

घरात केव्हा आणावे

दहिवराची वाट पाहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रात्रीचे तापमान सातत्याने ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या जवळ येऊ लागले की झाड आत घेण्याची वेळ झाली. मिनेसोटात हे सप्टेंबरच्या पूर्वार्धातच घडते, शिकागोच्या आसपास सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि मध्य न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या आरंभी. हिरवी फळे शिल्लक असतील तर ती तोडून घ्यावीत. रंग पालटू लागलेली फळे घरातही पिकतात. कोवळ्या हिरव्या फळांचे लोणचे किंवा ठेचा करावा.

कीड बाहेरच सोडावी

घरात आणलेले झाड मरते ते बहुधा किडीमुळे. बाहेर मित्रकीटक, वारा आणि पाऊस मावा आटोक्यात ठेवतात. घरात त्याला कोणताच अटकाव नसतो. हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. म्हणून झाड आत घेण्यापूर्वी दहा-बारा दिवस तयारी करावी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवावी, नंतर कीडनाशक साबणाची फवारणी करावी आणि चार-पाच दिवसांच्या अंतराने ती दोनदा पुन्हा करावी. कडुनिंबाचे तेल वापरायचे असल्यास संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात पाने करपतात.

छाटणी आणि मुळे

यानंतर येते ती पाहणाऱ्याला निर्दय वाटणारी छाटणी. खोडातून फुटलेल्या मुख्य दोन-तीन फांद्या ठेवून बाकी सर्व काढावे. उरलेला सांगाडा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आणि मातीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्येक काप पेराच्या किंचित वर घ्यावा, कारण नवा फुटवा पेरातूनच येतो. कात्री आधी स्पिरिटने पुसावी आणि हातात मोजे घालावेत. तिखट जातींचा रस डोळ्यांना लागला तर दाह बराच वेळ टिकतो.

कमी पानांच्या झाडाला पाणी कमी लागते, किडीला लपायला जागा राहत नाही आणि अपुऱ्या प्रकाशात फांद्या लांबुडक्या, दुबळ्या होत नाहीत. ही छाटणीची तीन प्रयोजने.

झाड कुंडीतून काढून जुनी माती झटकावी, कारण तिच्यात किडीची अंडी आणि अळ्या असतात. मुळांचा गोळा बाजूंनी आणि तळाने सुमारे एक तृतीयांश कापून झाड चार ते आठ लिटरच्या लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावावे. एकदाच नीट पाणी देऊन निथळू द्यावे.

हिवाळ्यातील जागा: दोन पद्धती

पहिली पद्धत निद्रेची. तापमान ५० ते ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १५ अंश सेल्सिअस राहील अशी जागा शोधावी. खिडकी असलेले बेसमेंट, घराला जोडलेले न गोठणारे गराज किंवा हीटिंग कमी ठेवलेली खोली चालते. थोडा उजेड पुरतो. पाणी दोन ते चार आठवड्यांतून एकदा, तेही माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच द्यावे. खत मुळीच देऊ नये. थंड आणि ओल्या मातीत मुळे कुजतात. हिवाळ्यात मिरचीची झाडे तहानेपेक्षा पाण्याच्या अतिरेकाने अधिक मरतात.

उरलीसुरली पाने गळाल्यावर झाड मेल्यासारखे दिसते. शंका आल्यास नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. फांदी टोकाकडून तपकिरी होत असेल, तर हिरवा भाग लागेपर्यंत ती कापावी.

दुसरी पद्धत जागृतीची. अपार्टमेंटमध्ये थंड जागा नसते आणि खोली ६८-७० अंशांवर असते. अशा उबेत झाड झोपत नाही, पण हिवाळ्यातील खिडकीचा उजेड त्याला पुरत नाही. तेव्हा एलईडी दिवा झाडापासून वीत-दीड वीत अंतरावर लावून दिवसाला १२ ते १४ तास चालू ठेवावा. कुंडी हीटिंगच्या झरोक्यापासून दूर असावी आणि पानांची खालची बाजू दर आठवड्याला तपासावी. फुले आल्यास फांदी हलकेच हलवून परागीभवन करता येते. मात्र या पद्धतीत लक्ष आणि वीज दोन्ही अधिक खर्च होतात. जागा उपलब्ध असेल तर निद्रेची पद्धतच सोयीची.

कुत्रा-मांजर असलेल्या घरात कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

वसंतातील जाग

फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी झाड उबदार, उजेडाच्या जागी आणावे आणि पाणी हळूहळू वाढवावे. पेरांतून हिरवे कोंब दिसले की सौम्य, निम्म्या प्रमाणात खत सुरू करावे आणि झाड पुन्हा मोठ्या कुंडीत हलवावे. कोंब फुटायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून घाईने झाड फेकू नये.

बाहेर नेण्याची वेळ दिनदर्शिकेपेक्षा रात्रीच्या तापमानावर ठरवावी. शेवटचे दहिवर उलटून रात्री ५५ अंशांच्या वर राहू लागल्या की झाड सरावण्यास आरंभ करावा. पहिल्या दिवशी सावलीत एक-दोन तास, मग रोज थोडे अधिक, असे सात ते दहा दिवस. घरात वाढलेली कोवळी पाने थेट उन्हात एका दुपारीत पांढरी पडतात.

बियांचा प्रश्न

कोल्हापुरातील लवंगी, भिवापूरची मिरची किंवा २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली गोव्यातील काणकोणची खोला मिरची बॅगेतून आणावी, असा मोह अनेकांना होतो. अमेरिकेत बियाणे आणण्यासाठी कृषी विभागाचे नियम पाळावे लागतात. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसलेले बियाणे विमानतळावर जप्त होऊ शकते आणि ते लपवल्यास दंडही होतो. टोमॅटो व मिरचीच्या बियाण्याबाबत तर ब्राउन रुगोज विषाणूच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये विशेष निर्बंध घालण्यात आले होते. म्हणून इथल्या नोंदणीकृत बियाणे विक्रेत्यांकडे भारतीय जातींचा शोध घेणे हाच सुरक्षित मार्ग. असे बी एकदा मिळाले आणि त्याचे झाड घरात रुजले, की दरवर्षी तोच शोध नव्याने करावा लागू नये, यासाठीच हिवाळ्यातील हा सारा उद्योग.

थोडक्यात वेळापत्रक

- ऑगस्टअखेर: जपायची झाडे निवडून खूण करणे.
- सप्टेंबर: नत्रयुक्त खत बंद, साबणाच्या तीन फवारण्या.
- सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ: फळतोड, छाटणी, नवी माती, घरात प्रवेश.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: थंड जागा, अल्प पाणी, खत नाही.
- मार्च: ऊब, उजेड, मोठी कुंडी, सौम्य खत.
- मेचा मध्य ते अखेर: बाहेरच्या हवेला सरावणे आणि कुंडी अंगणात.

सर्व काळजी घेऊनही काही झाडे वसंत पाहत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षी फेब्रुवारीत त्याच जातीच्या चार बिया पेरून ठेवणे शहाणपणाचे. जुने खोड फुटले, तर ती रोपे शेजाऱ्यांना देता येतात.