बाल्टिमोर येथील वैद्यकाचें गुरुकुल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बाल्टिमोर या शहरांत जॉन्स हॉपकिन्स नांवाचा एक धनाढ्य व्यापारी १८७३ सालीं मरण पावला. त्याच्या पणजीचें माहेरचें आडनांव जॉन्स, तेंच त्याला नांव म्हणून लाभलें होतें. तो अविवाहित होता. आपल्या संपत्तींतून सत्तर लक्ष डॉलर त्यानें लोककार्यासाठीं ठेविले. निम्मे विद्यापीठासाठीं आणि निम्मे रुग्णालयासाठीं. मृत्यूपूर्वीं विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रांत त्यानें दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. गरीब रुग्णांना घेतांना स्त्रीपुरुष, वय अथवा वर्ण यांचा भेद करूं नये, ही एक. आणि हें रुग्णालय पुढें विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयाचेंच अंग व्हावें, ही दुसरी. पहिली सूचना दयाबुद्धीची होती. दुसरी मात्र त्या काळीं जवळजवळ अपूर्व होती.

तिचें महत्त्व समजण्यास त्या वेळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंतील बहुतेक वैद्यक विद्यालयें त्या काळीं कांहीं डॉक्टरांनीं मिळून चालविलेले फीचे धंदे होते. विद्यार्थ्यानें व्याख्यानें ऐकावीं, परीक्षा द्यावी आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावें, एवढाच तेथील क्रम असे. रोग्याच्या नाडीला बोट न लावतां माणूस डॉक्टर होऊं शके! अशा वेळीं विद्यालय आणि रुग्णालय एका छपराखालीं आणावयाचें, म्हणजे विद्यार्थ्याला ग्रंथाकडून माणसाकडे न्यावयाचें होतें.

विद्यापीठ १८७६ सालीं उघडलें आणि रुग्णालय ७ मे १८८९ रोजीं. परंतु वैद्यक विद्यालयासाठीं पैसा उरला नाहीं. कारण विद्यापीठाचें धन ज्या रेल्वे कंपनीच्या भागांत गुंतविलेलें होतें, तिचा नफा मिळेनासा झाला. ही अडचण दूर केली ती स्त्रियांनीं. विश्वस्तांच्याच कांहीं सुशिक्षित मुली पुढें आल्या व त्यांनीं गांवोगांव समित्या स्थापून निधि जमविला. त्यांत मेरी एलिझाबेथ गॅरेट हिनें १८९२ सालीं आपल्या पदरचे तीन लक्षांहून अधिक डॉलर घालून पांच लक्षांची रक्कम पुरी केली. तिच्या अटी मात्र कडक होत्या. पुरुषांना ज्या नियमांनीं प्रवेश मिळेल त्याच नियमांनीं स्त्रियांनाहि मिळाला पाहिजे. आणि येणारा प्रत्येक विद्यार्थी आधीं पदवीधर, शास्त्रविषयांचा अभ्यास केलेला व फ्रेंच आणि जर्मन जाणणारा असला पाहिजे. त्यापूर्वीं सहाच वर्षें, १८८६ सालीं, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीं असलेल्या स्वतंत्र विद्यालयांतून डॉक्टर झाल्या होत्या, हें मराठी श्रोत्यांना स्मरत असेल. स्त्रियांना वेगळा दरवाजा होता. गॅरेटबाईंनीं मोठा दरवाजाच उघडविला. १८९३ च्या शरदृतूंत अठरा विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला, त्यांत तीन स्त्रिया होत्या. या अटी पाहून प्राध्यापक ऑस्लर आपले सहकारी वेल्च यांना थट्टेनें म्हणाले कीं, आपण प्राध्यापक म्हणून येथें आलों हें नशीब. विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी आंत घेतलें नसतें.

पहिले चार मुख्य प्राध्यापक सर्वच तरुण होते. विकृतिशास्त्राचे विल्यम वेल्च, औषधवैद्यकाचे विल्यम ऑस्लर, शस्त्रवैद्यकाचे विल्यम हॉल्स्टेड आणि स्त्रीरोगांचे हॉवर्ड केली. रुग्णालय उघडलें तेव्हां यांपैकीं कोणींहि चाळिशी ओलांडलेली नव्हती. ऑस्लर यांचा वैद्यकावरील ग्रंथ १८९२ सालीं निघाला आणि तो जगभर पाठ्यग्रंथ झाला. १८९७ च्या उन्हाळ्यांत रॉकफेलर यांचे सल्लागार गेट्स यांनीं तो वाचला. किती थोड्या रोगांवर खरा उपाय ठाऊक आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें व त्यांतूनच १९०१ सालीं न्यूयॉर्कमध्यें रॉकफेलर संशोधन संस्था उभी राहिली. तरीहि ऑस्लर यांना आपल्या ग्रंथापेक्षां दुसऱ्याच कामाचा अभिमान होता. विद्यार्थ्यांना आपण वॉर्डमध्यें रोग्याच्या खाटेपाशीं शिकविलें, एवढेंच आपल्या थडग्यावर लिहिलें तरी पुरे, असें ते म्हणत.

या विद्यालयाची खरी नवलाई म्हणजे निवासी डॉक्टरांची पद्धति. जर्मनींतील रुग्णालयांत प्राध्यापकांचे सहायक असत, तो नमुना ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनीं येथें आणून आपल्या परीनें वाढविला. पदवी मिळाल्यावर तरुण डॉक्टरानें रुग्णालयांतच राहावें, तेथेंच जेवावें, तेथेंच निजावें आणि रात्रीं अपरात्रीं रोग्यानें हांक मारतांच उठावें. पहिल्या वर्षीं हलकीं कामें, मग सहायकाचें काम, आणि सर्वांत शेवटीं मुख्य निवासी डॉक्टर म्हणून जवळजवळ संपूर्ण वॉर्डाची जबाबदारी. आपल्याकडील गुरुकुलांत शिष्य गुरूच्या घरीं राहत असे. येथें तो रोग्याच्या घरीं राहिला, हाच काय तो भेद. या पद्धतींत कठोरपणाहि होता. हॉल्स्टेड यांच्या हाताखालीं किती वर्षें काढावीं लागतील याला मर्यादा नसे; पुष्कळ जण आरंभ करीत आणि एकटाच शिखर गांठी. त्यांच्या सबंध कारकिर्दींत असे मुख्य निवासी अवघे सतरा झाले.

या पद्धतीचीं फळें लवकरच दिसूं लागलीं, आणि त्यांतील कित्येक शिष्यांच्याच हातचीं होतीं. पहिल्या वर्गांतील विल्यम मॅक्कॅलम व यूजीन ओपी यांनीं पक्ष्यांच्या रक्तांतील, हिवतापाच्या जंतूंशीं नातें असणाऱ्या जंतूंचा अभ्यास केला. १८९७ सालीं मॅक्कॅलम यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें कीं, या जंतूंत नर व मादी असा भेद असून त्यांचा संयोग होतो. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं आपल्या सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु सांपडले. पृथ्वीच्या दोन टोकांना चाललेल्या या दोन शोधांनीं एकाच कोड्याचे दोन तुकडे जुळविले. ओपी यांनीं पुढें थोड्याच वर्षांत मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडांतील विशिष्ट पेशींच्या बेटांशीं जोडून दाखविला. कॅनडांत इन्शुलिन निघालें तें त्यानंतर वीस वर्षांनीं.

शस्त्रक्रियेच्या वेळीं घालावयाच्या रबरी हातमोज्यांची कथा तर फारच बोधप्रद आहे. शस्त्रक्रियागृहाची मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे हात जंतुनाशक औषधानें सोलून निघत. म्हणून हॉल्स्टेड यांनीं रबराच्या कंपनीकडून तिच्यासाठीं पातळ हातमोजे करविले. १८९० सालीं तिचें व हॉल्स्टेड यांचें लग्न झालें, म्हणून या कथेला शृंगाराची किनारहि लाभली. परंतु ते हातमोजे परिचारिकेचे हात राखण्यासाठीं होते. रोग्याची जखम राखण्याचा विचार त्यांत नव्हता. तो विचार पुरा केला हॉल्स्टेड यांचे निवासी डॉक्टर जोसेफ ब्लडगुड यांनीं. सुमारें १८९६ पासून त्यांनीं प्रत्येक शस्त्रक्रियेंत सर्वांनीं हातमोजे घालण्याचा प्रघात पाडला आणि अंतर्गळाच्या शेंकडों शस्त्रक्रियांचा हिशेब ठेवून १८९९ सालीं सिद्ध केलें कीं, जखमा चिघळण्याचें प्रमाण झपाट्यानें उतरतें. इतकीं वर्षें आपण इतके आंधळे कसे राहिलों, याचें पुढें खुद्द हॉल्स्टेड यांनींच नवल केलें. शिष्याकडून आपला पराजय व्हावा अशी गुरूनें इच्छा धरावी, असें आपले सुभाषितकार सांगतात. येथें तें घडलें.

हॉल्स्टेड यांच्याविषयीं आणखी एक गोष्ट पुष्कळ काळ गुप्त राहिली होती. १८८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें कोकेन टोंचून अंगाचा भाग बधिर करण्याचे प्रयोग त्यांनीं स्वतःवर केले, आणि त्या औषधाच्या व्यसनांत ते सांपडले. वेल्च यांनीं त्यांना बाल्टिमोरला आणून आश्रय दिला. पुढें मॉर्फीनची संवय त्यांना जडलीच होती, हें ऑस्लर यांनीं मोहोरबंद ठेविलेल्या टिपणांतून १९६९ सालीं जगापुढें आलें. मोडलेल्या माणसाला मित्रानें हात दिला नसता, तर त्या सतरा जणांना गुरु कोठून मिळता?

त्याच सतरांपैकीं हार्वी कुशिंग यांनीं १९०१ सालीं इटलींतून रक्तदाब मोजण्याचें यंत्र आणलें व मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें. आणि १९१६ सालीं तर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जे मॅक्लीन याला प्राध्यापक हॉवेल यांच्या प्रयोगशाळेंत यकृतांतून रक्त गोठूं न देणारा पदार्थ हातीं लागला. तो शोधीत होता रक्त गोठविणारें द्रव्य, आणि मिळालें त्याच्या नेमकें उलट! हॉवेल यांनीं पुढें त्या दिशेनें काम चालविलें व यकृताच्या ग्रीक नांवावरून ‘हेपॅरिन’ हें नांव रूढ केलें. श्रेय कोणाचें, विद्यार्थ्याचें कीं प्राध्यापकाचें, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला.

येथेंच या इतिहासाची दुसरी बाजू सुरू होते. दार उघडलें म्हणजे घर मिळालें असें होत नाहीं. १९०० सालीं पदवी घेतलेल्या डोरोथी रीड यांनीं १९०२ सालीं हॉजकिन यांच्या रोगांतील विशिष्ट पेशी वर्णन करून तो रोग क्षयाचा प्रकार नव्हे, हें दाखवून दिलें. ती पेशी आजहि त्यांच्या नांवानें ओळखली जाते. पण स्त्रीला येथें वरची जागा मिळण्याची आशा नाहीं असें दिसतांच त्यांनीं बाल्टिमोर सोडलें. त्यांच्याच वर्गांतील फ्लोरेन्स सेबिन १९१७ सालीं या विद्यालयांतील पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. तथापि शारीरशास्त्राचें प्रमुखपद रिकामें झालें तेव्हां तें त्यांना डावलून त्यांच्याच एका पूर्वीच्या विद्यार्थ्याला देण्यांत आलें.

मूळ दात्याच्या पत्रांत वर्णभेद नसावा असें होतें. तरी कृष्णवर्णी रोग्यांचे वॉर्ड वेगळे होते व विद्यार्थ्यांना तर प्रवेशच नव्हता. अशा काळांत, १९४१ सालीं, शस्त्रवैद्यकाचे नवे प्राध्यापक आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्याबरोबर व्हिव्हियन टॉमस हा कृष्णवर्णी तरुण आला. तो सुताराचें काम शिकलेला होता. १९३० सालीं नॅशव्हिल येथें ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेंत तो मदतनीस म्हणून लागला, आणि डॉक्टर होण्यासाठीं त्यानें पै पै करून शिल्लक टाकलेला पैसा मंदीच्या काळांत बँकेबरोबर बुडाला. त्याचें काम शास्त्रज्ञाचें असे आणि पगाराच्या यादींत तो झाडूवाल्यांच्या वर्गांत असे.

हृदयाच्या जन्मजात दोषानें ज्यांच्या फुप्फुसांत पुरेसें रक्त जात नाहीं, अशा मुलांचे ओंठ व नखें निळीं पडतात. याच विद्यालयाच्या पदवीधर हेलन टॉसिग अशा मुलांची चिकित्सा करीत. त्यांना बहिरेपण आल्यामुळें त्या हृदयाचे ठोके बोटांनीं ओळखीत. फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढतां येईल काय, हा प्रश्न त्यांनीं टाकला. टॉमस यांनीं सुमारें दोन वर्षें कुत्र्यांवर प्रयोग करून ती वाट बसविली. त्यासाठीं लागणारीं बारीक उपकरणें स्वतः घडविलीं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं ब्लेलॉक यांनीं पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. टॉमस त्यांच्या पाठीमागें चौरंगावर उभे राहून टांके कसे घ्यावे तें सांगत होते. कारण ती क्रिया त्यांच्या हातून ब्लेलॉक यांच्याहून कितीतरी अधिक वेळां झालेली होती. मदतीला मुख्य निवासी डॉक्टर लॉंगमायर होते. ती मुलगी पुढें कांहीं महिनेच जगली. पण तिसऱ्या रोग्याचे, एका सहा वर्षांच्या मुलाचे, निळे ओंठ मेजावरच गुलाबी झाले आणि मार्ग खरा असल्याची ग्वाही मिळाली. १९४५ सालीं निघालेल्या लेखावर ब्लेलॉक व टॉसिग अशीं दोन नांवें होतीं. टॉमस यांचा त्यांत उल्लेखहि नव्हता.

एकलव्याची कथा येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु या द्रोणानें अंगठा मागितला नाहीं. उलट त्या हातांचाच पुरता उपयोग करून घेतला. राहिलें तें नांव. ज्यांना विद्यालयांत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकतां आलें नसतें, त्या टॉमस यांच्याकडून निवासी डॉक्टरांच्या पिढ्यांनीं टांका घालावयास शिकून घेतलें. डेंटन कूली यांच्यासारख्या विख्यात हृदयशस्त्रवैद्यांनीं तें ऋण मोकळेपणीं मान्य केलें.

तें ऋण फेडण्याची खटपटहि शिष्यांनींच केली. १९७१ सालीं त्यांच्या पूर्वीच्या शिष्यांनीं टॉमस यांचें तैलचित्र करवून संस्थेला दिलें, आणि तें ब्लेलॉक यांच्या चित्राबरोबर लावण्यांत आलें. १९७६ सालीं विद्यापीठानें त्यांना सन्मान्य डॉक्टर केलें व अध्यापकवर्गांत घेतलें. त्यापूर्वीं १९६७ मध्यें दोन कृष्णवर्णी विद्यार्थी प्रथमच या विद्यालयाचे पदवीधर झाले होते. पुढें लेव्ही वॉटकिन्स हे हृदयशस्त्रक्रियेचे पहिले कृष्णवर्णी मुख्य निवासी डॉक्टर झाले आणि १९८० सालीं, हृदयाची बिघडलेली गति आपोआप सांवरणारें यंत्र माणसाच्या शरीरांत प्रथम बसविण्याचा मान त्यांनीं मिळविला.

संस्थेची थोरवी शोधांच्या यादीवरून मोजण्याची आपल्याला संवय आहे, आणि बाल्टिमोरची ती यादी खरोखर लांब आहे. पण ती यादी वाचतांना प्रत्येक नांवामागें आणखी कोण उभें होतें, हें विचारावें. हातमोज्यामागें एक परिचारिका व एक निवासी डॉक्टर होता, विद्यालयाच्या दारामागें गॅरेटबाई होत्या, आणि शस्त्रवैद्याच्या पाठीमागें चौरंगावर उभा असलेला एक सुतार होता. तीं नांवें यादींत यावयास कित्येकदां दशकें लागलीं. तीं आलीं, कारण खाटेपाशीं उभें राहून शिकलेल्या शिष्यांनीं आपण काय आणि कोणाकडून शिकलों, हें विसरण्याचें नाकारलें.