एक पारितोषिक, दोन हेन्री

वाचकहो, आपल्या घरी अगर शेजारी एखादा मुलगा किंवा मुलगी डॉक्टरी शिकत असेल, तर 'ग्रेज ॲनॅटॉमी' हा विटेसारखा जाड ग्रंथ आपण पाहिलाच असेल. त्याचा कर्ता हेन्री ग्रे कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शिकाऊ शल्यचिकित्सकाला संशोधनाबद्दल मिळालेले बक्षीस त्याच्या आयुष्याची वाट कशी ठरविते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

ग्रेचा जन्म १८२७ चा. १८४५ साली तो लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला. त्या काळी मोठ्या इस्पितळांत सर्जनच्या जागा मोजक्या असत, आणि उमेदवार पुष्कळ. अशा वेळी नुसती हुशारी पुरत नसे, तिचा दाखला लागे. ग्रेने तो लवकरच मिळविला. डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर मनुष्य आणि इतर प्राणी यांची तुलना करून त्याने निबंध लिहिला व १८४८ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे त्रैवार्षिक पारितोषिक पटकाविले. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता! १८५२ साली, म्हणजे पंचविशीत, तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पुढच्याच वर्षी प्लीहेची रचना व कार्य यांवरील प्रबंधाला ॲस्टली कूपर पारितोषिक मिळाले. रक्कम तीनशे गिनी. हे बक्षीस सर ॲस्टली कूपर या नामांकित सर्जनने आपल्या मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशातून दिले जाई. रक्कम मोठी खरीच, पण माझ्या मते तिच्याहून मोठे होते ते नाव. डेमॉन्स्ट्रेटर, संग्रहालयाचा क्युरेटर, शरीररचनेचा व्याख्याता अशा पायऱ्या ग्रे चढत गेला, आणि १८५८ साली त्याचा ग्रंथ निघाला तेव्हा त्याच्या नावाला आधीच वजन आलेले होते.

आता दुसऱ्या हेन्रीकडे वळू. त्या ग्रंथातील ३६३ आकृत्या काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर हा ग्रेपेक्षा चार वर्षांनी लहान, त्याच इस्पितळातला. त्यालाही शिष्यवृत्ती मिळाली होती. १८५३ ते १८५५ या काळात त्याने रॉयल कॉलेजात रिचर्ड ओवेन आणि क्वेकेट यांच्या हाताखाली मानवी व तौलनिक शरीररचनेचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकावरचा त्याचा हात बसला तो याच अभ्यासाने. ग्रंथासाठी दोघांनी मिळून शवविच्छेदन केले, चित्रे मात्र एकट्या कार्टरची. मोबदला? ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड आणि कार्टरला एकदाच दीडशे पौंड. शिवाय मुखपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टरचे नाव लहान टाइपात घ्यावे, अशी खूण खुद्द ग्रेने केली होती. वाचकहो, ज्याच्यापाशी आधीच दोन बक्षिसांचे नाव होते, त्याला आणखी थोडी जागा हवी झाली!

ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षी कार्टर मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. पुढे १८६३ पासून नऊएक वर्षे तो सातारचा सिव्हिल सर्जन होता. सातारकरांनी ही गोष्ट जपून ठेवावी असे वाटते. जगभर ज्याची चित्रे पाहून डॉक्टर घडत होते, तो माणूस त्यांच्या गावी रोगी तपासत होता. पायाला सूज येऊन त्यातून दाणे पडणाऱ्या 'मदुरा फूट' या विकारावर त्याने १८७४ साली ग्रंथ लिहिला. महारोगाचा अभ्यास करण्यास तो काठेवाडात फिरला, थेट नॉर्वेपर्यंत गेला. दुष्काळाच्या दिवसांत, १८७७ साली, मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली तेव्हा रोग्यांच्या रक्तातील मळसूत्री जंतू त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कॉलेजातील शिष्यवृत्तीची ही खरी वसुली होय. त्या कामावरचा त्याचा ग्रंथ १८८२ साली निघाला.

ग्रेचे काय झाले? १८६१ साली सेंट जॉर्जेसमध्ये असिस्टंट सर्जनची जागा निघाली. ग्रे उमेदवार होता, आणि निवड त्याचीच होणार हे बहुतेकांनी धरून ठेवले होते. तेवढ्यात देवीने आजारी पडलेल्या पुतण्याची शुश्रूषा करताना त्याला स्वतःलाच देवी आल्या. १३ जून १८६१ रोजी तो वारला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. ती जागा दुसऱ्याला मिळाली. कार्टर १८८८ पर्यंत आपल्याकडे नोकरीत राहिला, मग मायदेशी परतला व १८९७ साली स्कारबरो येथे निवर्तला.