मेरी कार्पेंटर आणि तुरुंगातली मुलं

दहा वर्षांच्या पोराने पाव चोरला, तर त्याला ठेवायचं कुठे? दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये याचं उत्तर सोपं होतं: तुरुंगात, मोठ्या गुन्हेगारांच्या शेजारी. आत जाताना भुरटा चोर, बाहेर येताना तयार चोर.

१८३८ साली सरकारने आयल ऑफ वाइट बेटावर मुलांसाठी पार्कहर्स्ट हा वेगळा तुरुंग उघडला. पण तिथेही पायात बेड्या आणि तोंडाला कुलूप. तिथून शेकडो मुलांची रवानगी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला झाली.

याविरुद्ध उभी राहिली ब्रिस्टलची एक शिक्षिका, मेरी कार्पेंटर. गरीब वस्तीत शाळा चालवताना तिने ही मुलं जवळून पाहिली होती. १८५१ साली तिने पुस्तक लिहून सांगितलं की मुलाला जरब नव्हे, घर हवं, शिक्षण हवं, हाताला काम हवं. १८५४ साली कायदा झाला आणि सुधारशाळांना मान्यता मिळाली. त्याच वर्षी कवी बायरन यांच्या पत्नीने घेऊन दिलेल्या ‘रेड लॉज’ या वाड्यात मेरीने मुलींची सुधारशाळा सुरू केली.

पण कायद्यात एक मेख होती. सुधारशाळेआधी मुलाने किमान चौदा दिवस तुरुंगात काढायचेच! मेरीचा याला सक्त विरोध होता. ती अट पूर्णपणे गेली १८९९ साली, तिच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. शिवाय किरकोळ चोरीसाठी पूर्वी काही दिवसांची कैद होती, आता दोन ते पाच वर्षं घरापासून दूर राहावं लागे. आईबापांकडून खर्चापोटी आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत वसुलीही होई. म्हणजे दयेलाही कुलूप होतंच. पुढे १९०८ च्या कायद्याने मुलांसाठी वेगळी न्यायालयं आली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना तुरुंगाची शिक्षा बंद झाली.

मेरी १८६६ साली मुंबईलाही आली होती. मुंबईत १८५७ पासून डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा होतीच. १८७६ साली भारतातही सुधारशाळांचा कायदा झाला.

मैत्रिणींनो, इंग्लंडमध्ये आजही दहा वर्षांच्या मुलावर खटला चालू शकतो. आपल्याकडेही एखाद्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की ‘टाका त्याला आत’ असं आपण पटकन म्हणतो. म्हणण्याआधी एवढंच विचारू या: आत टाकलेलं मूल बाहेर येईल, तेव्हा कोण होऊन येईल?