हिमनदीचा जमाखर्च

हिमनदी वाढते आहे की आटते आहे, हे कसे ओळखायचे? वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले चटकन सांगतील : तिचे टोक मागे सरकले तर आटते आहे, पुढे आले तर वाढते आहे. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. हे अपुरेपण दूर करणारी रीत रुजायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. हिमालयाच्या बाबतीत तर मोजमाप अपुरे असल्यामुळे साऱ्या जगापुढे एक मोठी चूक घडली. ही हकीकत थोडी मागून सुरू करू.

झोपडी आणि रंगवलेले दगड

१८२७ साली फ्रान्झ योसेफ हुगी या स्विस निसर्गअभ्यासकाने आल्प्समधल्या उंटरआर हिमनदीवर दगडांची एक झोपडी बांधली. बारा वर्षांनी लुई अगासी तेथे गेला, तेव्हा ती झोपडी मूळ जागेपासून सव्वा किलोमीटरहून अधिक खाली आलेली होती. बर्फ वाहतो, याचा हा आयताच पुरावा मिळाला. पुढे १८७४ पासून ऱ्होन हिमनदीवर रंगवलेल्या दगडांच्या रांगा आडव्या मांडून दरवर्षी त्यांची जागा मोजली जाऊ लागली. मधले दगड भराभर पुढे जात, कडेचे रेंगाळत, आणि सरळ रांगेची कमान होई.

१८९४ मध्ये झुरिच येथे हिमनद्यांच्या निरीक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष होते फ्रान्स्वा फोरेल. निरनिराळ्या देशांनी आपापल्या हिमनद्यांची टोके पुढे-मागे कशी सरकतात याच्या नोंदी ठेवाव्यात, अशी ही योजना होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानेही १९०६ मध्ये कुमाऊँ, लाहौल आणि काश्मीरमधल्या काही हिमनद्यांच्या मुखांची पाहणी केली. १९३५ मध्ये याच खात्यातले जॉन ऑडेन गंगोत्री हिमनदीपाशी गेले आणि त्यांनी गोमुखाचा नकाशा काढला. आज गोमुख किती मागे गेले हे सांगताना या जुन्या नकाशाचा आधार घ्यावा लागतो.

दिंडी दरवाजा पाहून श्रीमंती ठरत नाही

मुखाचे मोजमाप सोपे असते. खडकावर रंगाची खूण करावी, टेप धरावी, पुढच्या खेपेस पुन्हा मोजावे. पण मुख उशिरा बोलते. एखाद्या वाड्याची मिळकत आटली, तरी त्याचा दिंडी दरवाजा पुढे कित्येक वर्षे तसाच उभा असतो. हिमनदीचेही तसेच आहे. वरच्या भागात बर्फ कमी पडू लागला, तर त्याचा परिणाम वाहत वाहत मुखापर्यंत पोचायला अनेक वर्षे, कधी काही दशके लागतात. शिवाय हिमालयातल्या पुष्कळ हिमनद्यांचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला असतो. अशी हिमनदी जागच्या जागी पातळ होत जाते आणि टोक मात्र फारसे हलत नाही. म्हणजे लांबी मोजून भागत नाही, बर्फाचे वस्तुमान किती बदलले ते काढावे लागते.

ही रीत म्हणजे सरळ जमाखर्च आहे. वरच्या भागात पडलेला आणि टिकलेला हिम ही जमा, खालच्या भागात वितळलेला बर्फ हा खर्च. स्वीडनमध्ये स्टूरग्लासिएरेन या छोट्या हिमनदीवर वाल्टर श्युट यांनी १९४५-४६ या हिमवर्षापासून असा संपूर्ण हिमनदीचा हिशेब सुरू केला, आणि तो आजतागायत चालू आहे.

खर्च मोजण्यासाठी वाफेवर चालणाऱ्या गिरमिटाने बर्फात खोल भोक पाडून त्यात बांबूची काठी रोवतात. वर्षअखेर ती तीन मीटर उघडी पडली, तर तेथला तीन मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट, म्हणून हा खर्च २.७ मीटर पाण्याइतका झाला. जमा मोजण्यासाठी वर खड्डा खणून त्या वर्षीच्या हिमाची जाडी पाहतात आणि ठरावीक आकारमानाचा हिम तोलून घनता काढतात. दीड मीटर हिमाची घनता ०.४ असेल, तर जमा ०.६ मीटर पाणी.

आता एक काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडू. हिमनदीचे क्षेत्रफळ १५ चौरस किलोमीटर आहे. खालच्या ४ चौ. कि.मी. मध्ये सरासरी घट २ मीटर, मधल्या ६ मध्ये घट अर्धा मीटर, वरच्या ५ मध्ये वाढ १ मीटर. बेरीज : उणे ८, उणे ३, अधिक ५, म्हणजे उणे ६. भागिले १५. उत्तर येते उणे ०.४ मीटर पाणी. आठवी-नववीचा विद्यार्थी हे गणित करू शकतो. अवघड आहे ते हे आकडे गोळा करणे, आणि तेही दरवर्षी.

हिमालयातले कोरे पान

भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९७४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या गारा हिमनदीवर असे काम सुरू केले. ते १९८३ पर्यंत चालले. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर १९८६ ते १९८९ या काळात मोहिमा गेल्या, मग काम थांबले. २००२ मध्ये भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते पुन्हा हाती घेतले. कारणे समजण्यासारखी आहेत. उंची चार-पाच हजार मीटर, हिवाळ्यात बंद होणाऱ्या खिंडी, पाठीवरून वाहून न्यायचे सामान. पण परिणाम असा झाला की हजारो हिमनद्यांच्या प्रदेशात मोजक्याच ठिकाणी आणि तुटक तुटक नोंदी उरल्या.

रिकाम्या खातेवहीत मग कोणीही काहीही लिहू शकतो. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान आले. त्याच्या मागे प्रत्यक्ष मोजणी नव्हती. शेकडो मीटर जाडीचा बर्फ तीसेक वर्षांत संपायचा तर दरवर्षी किती वितळावा लागेल, एवढा भागाकार केला असता तरी शंका आली असती. २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या एका चर्चा-निबंधात उलट बाजू मांडली गेली : हिमनद्यांचे मागे हटणे असाधारण नाही. पण तिचा मुख्य भर मुखांच्या नोंदींवर होता. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने २०३५ च्या विधानाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. एक चूक दुरुस्त झाली, पण खरे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

हेरगिरीची छायाचित्रे कामी आली

उत्तराचा एक भाग अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांवरून त्या काळची बर्फाच्या पृष्ठभागाची उंची काढून नंतरच्या उंचीशी तुलना करता आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात हिमालयातल्या ६५० हिमनद्या होत्या. १९७५ ते २००० मध्ये त्यांची सरासरी घट वर्षाला ०.२२ मीटर पाण्याइतकी होती, आणि २००० ते २०१६ मध्ये ०.४३ मीटर. म्हणजे जवळजवळ दुप्पट. याउलट काराकोरममधल्या पुष्कळ हिमनद्या त्या काळात जवळपास समतोल राखून होत्या.

छोटा शिग्रीच्या काठ्या काय सांगतात? २००२ ते २०१९ या सतरा वर्षांत सरासरी घट वर्षाला ०.४६ मीटर पाणी, अनिश्चितता अधिक-उणे ०.४०. अनिश्चितता मोठी आहे, ती मुलांपासून लपवू नये. पण सरासरी धरली तर साऱ्या हिमनदीवरून सुमारे पावणेआठ मीटर पाण्याचा थर गेला. उपग्रहाला उंची दिसते, वजन दिसत नाही. घनता गृहीत धरावी लागते. म्हणून काठी आणि उपग्रह दोन्ही हवेत.

२०३५ चे भाकित चुकीचे होते, आणि चिंतेचे कारण नाही हेही चुकीचे होते. पावसाळा संपल्यावर आणि कडक उन्हाळ्यात ज्या गावांच्या पाटांत हिमनदीचे पाणी येते, त्यांना या दोहोंतला फरक नेमका कळणे गरजेचे आहे.

आपल्याकडे हिमनदी नाही, पण शाळेजवळ विहीर असते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिची पातळी मोजून वहीत लिहायला काय हरकत आहे? दहावीच्या मुलांनी शाळा सोडताना ही वही नववीच्या हाती द्यावी. पहिल्या वर्षी तिच्यातून काही कळणार नाही. दहाव्या वर्षी कळेल.