कलकत्त्याच्या पटावरील घोड्याचे बलिदान

अलेक्झांडर पेत्रोव्ह या रशियन खेळाडूच्या नावाने प्रसिद्ध असलेला बुद्धिबळातील बचाव स्वभावतःच सलोख्याचा आहे. पांढऱ्याने घोडा काढून राजापुढील प्याद्यावर रोख धरला असता काळा त्या प्याद्याच्या रक्षणात न गुंतता स्वतःचा घोडा काढून प्रतिपक्षाच्या प्याद्यावर तसाच रोख धरतो, उभयपक्षी एकेक प्यादे पडते, आणि मोकळ्या झालेल्या पटावर बहुधा बरोबरीचीच चिन्हे दिसू लागतात. पांढऱ्याने प्यादे मारले की काळा वजिरापुढील प्यादे एक घर सरकवून त्या घोड्यास हुसकावतो, आणि सुज्ञ खेळाडू निमूटपणे घोडा मागे घेतो.

1848 साली कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराने मात्र तो मागे न घेता काळ्या राजाच्या उंटापुढील प्याद्यावर घातला. राजाने घोडा मारला, म्हणजे एका मोहऱ्याबदली दोन प्यादी पदरात पडली. हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा, परंतु राजाचा किल्लेकोटाचा हक्क कायमचा गेला आणि मधल्या घरांवर पांढऱ्या प्याद्यांचा अंमल बसला.

समोर बसले होते महेशचंद्र बंदोपाध्याय. मुफसलातील हे ब्राह्मण गृहस्थ देशी पद्धतीवर वाढलेले. त्या पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर चाले, किल्लेकोटाची विलायती रीत नव्हती, आणि म्हणून उतावीळपणे मध्य न बळकावता बाजूचा उंट लांब कर्णावर बसवून शत्रूस पुढे येऊ द्यावे, ही चाल त्यांच्या हातात मुरलेली होती. ज्याने 1822 सालीच लंडनमध्ये या खेळावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि पुढे रजेवर विलायतेस गेला असता इंग्रज खेळाडू स्टाँटनशी असंख्य डाव झुंजवले होते, त्या कॉक्रेनला या अपरिचित रीतीत काही राम आहे असे वाटले, हे त्याच्या रसिकतेचे लक्षण म्हटले पाहिजे. राज्यकर्त्यांच्या जमातीत ती सरसकट आढळत नसे. दोघांचे शेकडो डाव झाले व त्यांतील पुष्कळ कॉक्रेनमुळेच छापून राहिले. पुढे ‘भारतीय’ म्हणून गाजलेल्या बचावांची बीजे त्यांत स्पष्ट दिसतात.

श्रेयाची वाटणी मात्र न्याय्य झाली असे म्हणवत नाही. घोड्याच्या बलिदानास कॉक्रेनचे नाव लागले. महेशचंद्रांच्या बचावांस देशाचे नाव लागले, माणसाचे नाही.

ते बलिदान शास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही, असा जाणकारांचा सामान्य अभिप्राय आहे, आणि तो चुकीचा नसावा. अलीकडचे खेळाडू घोडा दिल्यावर लगेच उंटाचा शह देण्याऐवजी वजिरापुढील प्यादे दोन घरे रेटून मध्य भक्कम करणे पसंत करतात. एवढे असूनही हा मार्ग केवळ नवशिक्यांना गोंधळविण्याची युक्ती ठरत नाही: 1999 साली लिनारेसच्या स्पर्धेत वेसेलिन टोपालोव्हने व्लादिमिर क्रामनिकसारख्या चिवट बचावपटूविरुद्ध हाच घोडा दिला आणि डाव बरोबरीत सुटला.