‘बीम अप’ : एका क्रियापदाचा इतिहास

एखादे वाक्य मूळ स्थळी त्या रूपात कधीच उच्चारले गेले नसताना अवतरण म्हणून सर्वतोमुखी व्हावे, ही गोष्ट शब्देतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. इंग्रजीतील ‘बीम अप’ या क्रियापदाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

‘बीम’ या नामाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ ‘झाड’ असा होता. जर्मन भाषेतील ‘बाउम’ हा त्याचा सगोत्र शब्द आजही तोच अर्थ राखून आहे. झाडावरून तुळई व पुढे प्रकाशाची शलाका असे त्याचे अर्थ झाले. १९२० नंतरच्या दशकात बिनतारी संदेश चोहोकडे न विखुरता शलाकेसारखा एकाच दिशेने पाठविण्याची मार्कोनीची ‘बीम’ पद्धती प्रचारात आली. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपणकेंद्र खडकीस व ग्रहणकेंद्र दौंडास होते. दिशा साधून संदेश पाठविणे, हा या क्रियापदाचा अर्थ अशाच तंत्राच्या अनुषंगाने रुळला.

१९६६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. दर भागात अंतराळयान ग्रहावर उतरविण्याचे दृश्य खर्चाचे होते. म्हणून माणसेच शलाकेवाटे पाठविण्याची कल्पना योजली गेली. अशा रीतीने ‘बीम’चे कर्म बदलले, संदेशाच्या जागी मनुष्य आला. दिशा दाखविण्यासाठी ‘अप’ व ‘डाउन’ ही अव्यये त्यास जोडली गेली.

‘बीम मी अप, स्कॉटी’ हे प्रसिद्ध वाक्य मात्र मूळ मालिकेत कोठेही नाही. त्याच्या जवळपासची वाक्ये आहेत; १९८६ च्या चित्रपटात तेच शब्द उलट क्रमाने येतात. लोकांनी विखुरलेल्या आज्ञांतून एक साचा घडविला, एवढेच नव्हे, तर त्याचा अर्थही पालटला. मालिकेत ही कामकाजातील रोजची आज्ञा होती. व्यवहारात ती ‘येथून माझी सुटका करा’ अशी थट्टेची विनवणी झाली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद जेम्स ट्रॅफिकंट आपली भाषणे याच शब्दांनी संपवीत. विनवणीला ‘वर’ हीच दिशा शोभते. म्हणूनच नित्याच्या बोलण्यात ‘डाउन’ मागे पडले आणि ‘अप’ टिकले, असे मला वाटते.

यावरून एक पथ्य निष्पन्न होते. शब्दाचा उगम शोधताना प्रचलित अवतरणास पुरावा मानू नये. मूळ ग्रंथ वा ध्वनिमुद्रण स्वतः तपासावे. तथापि अवतरण चुकीचे ठरले म्हणून ते टाकूनही देऊ नये. मालिकेने क्रियापद दिले. म्हण घडविली ती भाषिक समाजाने. तिची साक्ष त्या समाजाच्या बोलण्यातच शोधली पाहिजे.